४ कोटी अंकांची मूळ संख्या खरंच भागून बघितली का कोणी?

पार्कचौकातला:
नमस्कार मंडळी. माझं गणिताचं डोकं दहावीलाच बंद पडलंय त्यामुळं प्रश्न येडपट वाटला तर हसा, पण उत्तर द्या. भाचा आठवीत आहे, सुट्टीला आमच्याकडं आलाय, त्यानं कुठंतरी वाचलं की आतापर्यंत माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या २०२४ च्या ऑक्टोबरात सापडली, २^१३६२७९८४१ − १, म्हणजे दोनाला दोननं तेरा कोटी बासष्ट लाख का काय तेवढ्या वेळा गुणायचं आणि एक वजा करायचा. त्यात म्हणे ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक म्हटला तर न जेवता न झोपता ४७५ दिवस लागतील, हा हिशोब त्यानंच केलाय, मी फक्त कॅल्क्युलेटरवर बघितला, बरोबर आहे.

आता माझी पंचाईत अशी की परवा या पोरानं सोलापूरचे पिनकोड काढले, ४१३००१ पासून ४१३००८ पर्यंत, आणि मूळ कोणता ते शोधायला बसला. सम सम आहेत ते गेले, ५ चा गेला, ४१३००१ च्या अंकांची बेरीज ९ म्हणून तो गेला, ४१३००७ ची १५ म्हणून तोही गेला, राहिला ४१३००३. त्याला ७ नं भाग नाही, ११ नं नाही, १३ नं नाही, १७ नं नाही, मी म्हटलं सोड लका मूळच आहे तो, जेवायला चल, तर पठ्ठ्यानं १९ लावले आणि गेला की भाग! १९ × २१७३७. एका सहा अंकी संख्येला आम्हाला अर्धा तास आणि दोन भांडणं लागली, मग चार कोटी अंकांच्या संख्येला कोण भागत बसलं? वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं असतं ना? त्याच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले कॉम्प्युटरनं भागून बघितलं असेल. पोराला पटलं नाही. मलाही नाही.

होटगीरोड:
एवढं काय त्यात मामा, लै सोपंय. सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करायचा, त्यात एक मिळवायचा, नवीन मूळ संख्या तयार. युक्लिडनं दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. आणि तुमची ती चार कोटीवाली संख्या बँकेत वापरतात, तुम्ही फोनवरून शेंगा चटणीचे पैसे टाकता ना ते तिच्या जिवावरच सुरक्षित जातात. फॉरवर्ड आलता मला.

निवृत्त_मास्तर:
होटगीरोड, दोन्ही चूक. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ कर, ३०,०३० येतात, एक मिळवला की ३०,०३१, आणि ते ५९ × ५०९ आहेत. युक्लिड असं म्हणालाच नव्हता की ती संख्या मूळ असेल, तो एवढंच म्हणाला की तिचा जो कुठला मूळ विभाजक असेल तो तुमच्या यादीत नसणार, म्हणून यादी कधी संपत नाही. पस्तीस वर्षं शिकवलं मी, दर वर्षी वर्गात एक तरी पोरगं हेच लिहायचं.

पार्कचौकातले, तुमच्या भाच्याची शंका रास्त आहे, त्याला माझ्याकडून शाब्बासकी द्या. या संख्येच्या वर्गमुळातच दोन कोटी पाच लाख अंक आहेत. तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायचं म्हटलं तर जगातले सगळे कॉम्प्युटर सूर्य विझेपर्यंत चालवले तरी सुरुवातसुद्धा झाली असं म्हणता येणार नाही. तेव्हा भागून बघितलेली नाही. छोटे छोटे भाजक आधी लावून बघतात, ते चाळणीसारखं, खडे काढायला. पण ती मूळ आहे हे ठरलं ते भागाकारानं नाही.

२^प − १ अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मर्सेन हा फ्रान्समधला पाद्री, त्यानं १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना मूळ संख्या मिळते त्याची यादी दिली, त्यात ६७ आणि २५७ चुकीचे घातले आणि ६१, ८९, १०७ हे विसरला. नाव मात्र त्याचंच राहिलं. या संख्यांसाठी एक खास चाचणी आहे, लुकासनं १८७६ मध्ये तसलीच वापरून २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या हातानं मूळ ठरवली, पुढं लेमरनं १९३० मध्ये ती सुटसुटीत केली. पोराला वहीवर करू द्या. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येनं भागून बाकी ठेवा. परत त्या बाकीचा वर्ग, परत २ वजा, परत बाकी. घातांकापेक्षा दोनानं कमी इतक्या वेळा करायचं. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर नाही. मधे कुठंही विभाजक शोधायचा नाही.

२^५ − १ म्हणजे ३१ घ्या. तीन पायऱ्या. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, ३१ नं भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२, बाकी शून्य. झालं. ३१ मूळ आहे हे आपल्याला आधीच ठाऊक होतं, पण बघा, ३१ ला आपण २ नं ३ नं ५ नं भागलंच नाही. आता त्याला १२७ करायला सांगा, पाच पायऱ्या आहेत. उत्तर मी सांगत नाही.

पूर्वभागातला:
सरांनी चांगलं सांगितलं, मी जरा आमच्या बाजूनं सांगतो. आमच्या घरात चादरीचे माग होते, दोन पिढ्या, वडिलांचा अख्खा जन्म जेकार्डच्या, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्राच्या खाली गेला, घरात तेलुगू आणि मागावर मराठी, त्यामुळं माझं शुद्धलेखन सांभाळून घ्या. जेकार्डवर पुठ्ठ्याची कार्डं असतात, त्याला भोकं पाडलेली. भोक आहे तिथला धागा वर उचलला जातो, भोक नाही तिथला खालीच राहतो, त्यातून चादरीवर मोर नाहीतर फुलं उठतात. कॉम्प्युटरची बायनरी हेच आहे, भोक म्हणजे १, भोक नाही म्हणजे ०. आता २^५ − १ बायनरीत लिहा, १११११, म्हणजे १६ + ८ + ४ + २ + १. २^७ − १ लिहा, १११११११, सात एक. म्हणजे मर्सेन संख्या म्हणजे असं कार्ड ज्याच्यात सगळीच्या सगळी भोकं पाडलीत, कोरी जागा एक पण नाही. ती चार कोटी अंकांची संख्या म्हणजे तेरा कोटी बासष्ट लाख एकोणऐंशी हजार आठशे एक्केचाळीस भोकांची एकच सलग पट्टी. डिझाइन म्हणाल तर काहीच नाही, वडील म्हणाले असते हे कार्ड मला फुकट दिलं तरी नको.

पण या पट्टीमुळं दोन गोष्टी फटकन दिसतात. एक म्हणजे घातांक स्वतः मूळ का लागतो. १५ भोकांची पट्टी घ्या, ती पाच पाचच्या तीन तुकड्यांत कापता येते, १११११ १११११ १११११, सगळे तुकडे सारखे, म्हणजे १११११ नं, म्हणजे ३१ नं अख्ख्या संख्येला भाग जाणारच. तीन तीनच्या पाच तुकड्यांत कापा, १११ म्हणजे ७ नं पण जातो. २^१५ − १ म्हणजे ३२७६७, बघा करून, ७ × ३१ × १५१. पट्टी सारख्या तुकड्यांत कापता आली की संख्या गेली. पण उलटं धरू नका, कापता नाही आली म्हणून मूळ असं होत नाही, ११ भोकांची पट्टी कापता येत नाही तरी २०४७ हे २३ × ८९ आहेतच.

आणि दुसरी, जी मला जास्त आवडते. शाळेत ९ ची कसोटी शिकलो की नाही, अंकांची बेरीज करायची, भागायचं नाही. ते का चालतं तर ९ म्हणजे १० ला एक कमी. तसंच ३१ म्हणजे ३२ ला एक कमी. मग बायनरीत पाच पाच भोकांचे तुकडे पाडा आणि तुकड्यांची बेरीज करा, ३१ नं भागल्यावरची बाकी हातात. सरांनी १९४ घेतले होते ना, बायनरीत ते ११००००१०. मागचे पाच ०००१०, म्हणजे २. पुढं राहिले ११०, म्हणजे ६. बेरीज ८. सरांची बाकी ८ च आली होती. भागाकार केलाच नाही, फक्त कात्री आणि बेरीज. कॉम्प्युटरला हे लै स्वस्त पडतं, म्हणूनच सगळ्यात मोठी मूळ संख्या बहुतेक वेळा मर्सेनचीच निघते. तसल्याच मूळ जास्त असतात म्हणून नाही, तर तपासायला त्या सोप्या म्हणून. माझ्या मते ही गोष्ट बातमीत कोणी सांगत नाही, अंक किती आणि पानं किती एवढंच छापतात.

होटगीरोड:
लका चादरीवरून गणित, मानलं तुला. पण बँकेचं तरी बरोबर आहे ना माझं?

पुण्यातली_सोलापूरकर:
नाही रे दादा, तेही चूकच. बँकेच्या व्यवहारांत वापरतात त्या आरएसए पद्धतीत दोन मूळ संख्या घेऊन गुणतात, साधारण तीनशे तीनशे अंकांच्या, आणि मुद्दा असा असतो की त्या दोन कोणत्या ते दुसऱ्या कोणालाही माहीत नसावं. जी संख्या जगभर पेपरात छापून आली ती कुलपाला कशी चालेल, किल्लीचा फोटो स्टेटसला ठेवल्यासारखं झालं. आणि तीनशे अंकी मूळ संख्या मिळवणं आता काहीच नाही, तुझा फोनसुद्धा पटकन शोधून देईल. चार कोटीवाली निव्वळ हौस आहे, आणि हौसेला मोल नसतं हे आपल्या गड्ड्याच्या यात्रेत सर्कशीचं तिकीट काढणाऱ्यांना सांगायला नको.

ही सापडली कशी ते सांगते कारण त्यातली अर्धी मजा तिथं आहे. १९९६ पासून एक प्रकल्प चालू आहे, जिम्प्स नावाचा, कोणीही आपला कॉम्प्युटर त्याला जोडू शकतो, तुम्हाला एक घातांक मिळतो, तुमचं मशीन रात्रंदिवस चघळत बसतं. २०१८ च्या डिसेंबरात २^८२५८९९३३ − १ मिळाली होती, २,४८,६२,०४८ अंकांची, त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं काहीच नाही. मग ल्यूक ड्युरंट नावाच्या माणसानं, आधी एनव्हिडिया या चिपच्या कंपनीत कामाला होता तो, बऱ्याच देशांतल्या डेटा सेंटरमधली ग्राफिक्स कार्डं भाड्यानं घेऊन लावली. ११ ऑक्टोबर २०२४ ला डब्लिनमधल्या एका कार्डावर निकाल आला की ही बहुतेक मूळ आहे, दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोतल्या कार्डावर सरांनी सांगितलेली लुकास-लेमर चालवून पक्कं झालं, मग वेगवेगळ्या प्रोग्रामवर परत परत तपासून २१ तारखेला जाहीर केलं. ही ५२ वी माहीत असलेली मर्सेन मूळ संख्या.

"बहुतेक मूळ" म्हणजे काय तर फर्माची चाचणी. मूळ संख्या असेल तर तिच्यापेक्षा एक कमी इतका ३ चा घात केला आणि तिनं भागलं की बाकी १ च येते. संयुक्त असूनही १ येणाऱ्या लबाड संख्या असतात पण कमी. २ चा घात का नाही घेत असं मी पण विचारलेलं, तर मूळ घातांकाच्या मर्सेन संख्या २ च्या चाचणीत कायम पास होतात, २०४७ सुद्धा, त्यामुळं २ घेऊन काही कळतच नाही. आपल्या रामानुजनचे १७२९ तर आणखी पुढचे, त्यांच्याशी ज्याचा सामायिक विभाजक नाही असा कुठलाही पाया घ्या, बाकी १ च, आणि आहेत ७ × १३ × १९.

मी कॉलेजात असताना घरच्या जुन्या पीसीवर हे लावलं होतं, एप्रिल महिना, सोलापूरचं ऊन, कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबलफॅन आणि फॅनसमोर बसायचा मान पीसीचा, आम्ही सगळे घामात. आई म्हणायची हे काय शिजवायलीस त्याच्यात. चौदाव्या दिवशी लाईट गेली आणि आली ती अशी आली की पॉवर सप्लायच उडाला. काम गेलं नाही, ते मधे मधे सेव्ह होतं, पण नवीन सप्लायचे पैसे मागायला बाबांच्या पुढं उभं राहायचं म्हणजे काय ते विचारू नका. जूनमध्ये निकाल आला, संयुक्त. अवयव? माहीत नाही. नुसतं "मूळ नाही".

पार्कचौकातला:
बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पट्टी कापायचं त्याला लगेच कळलं, कात्री घेऊन कागद कापत बसलाय, घरभर तुकडे.

पण ताई तुमच्या शेवटच्या वाक्यावर आम्ही दोघं अडकलोय. मूळ नाही हे कळलं आणि कशानं भाग जातो ते कळलं नाही, हे कसं? आम्ही ४१३००३ ला १९ सापडले तेव्हाच तर म्हटलं ना की मूळ नाही. चोर दिसल्याशिवाय चोरी झाली असं कसं म्हणायचं?

निवृत्त_मास्तर:
घरातलं कपाट रिकामं दिसलं की चोरी झाली हे कळतं, चोर कोण ते नंतर. मूळ संख्येचे काही गुण असतात. एखादा गुण नसला की ती मूळ नाही हे पक्कं, मग तिचे अवयव कोणते ते कोणाला न सांगता. लुकास-लेमरमध्ये शून्य आलं नाही म्हणजे एक असा गुण कमी निघाला. तो गुण काय ते आठवीच्या पोराला पूर्ण सांगता येणार नाही, पण ४ हा आकडा आभाळातून पडलेला नाही एवढं दाखवतो. (२ + √३) आणि (२ − √३) यांची बेरीज ४. दोघांचे वर्ग करून बेरीज करा, (७ + ४√३) आणि (७ − ४√३), १४. परत वर्ग, परत बेरीज, १९४. तीच ४, १४, १९४ ची माळ. ही माळ कुठं जाऊन शून्याला टेकते यावरून संख्या मूळ आहे की नाही ते कळतं.

आणि याचं खरं उदाहरण म्हणजे मर्सेनच्या यादीतले ते ६७. २^६७ − १ मूळ नाही हे लुकासनं १८७६ मध्येच दाखवलं होतं, पण अवयव कोणालाच माहीत नव्हते, सत्तावीस वर्षं. मग १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल उठला, फळ्यावर २^६७ करून त्यातून १ वजा केला, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मग दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार पायरी पायरीनं मांडला. दोन्ही सारखे आले. एक शब्द न बोलता जागेवर जाऊन बसला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती दिवस लागले असं विचारल्यावर तीन वर्षांचे रविवार, असं तो म्हणाल्याचं सांगतात.

कोलला एक मदत होती, तीही पोराला सांगा. प ही २ सोडून कुठलीही मूळ संख्या असली तर २^प − १ चा कुठलाही मूळ विभाजक २ × प × क + १ अशाच रूपात असतो, क म्हणजे कुठलीही पूर्ण संख्या, आणि ८ नं भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ७ च येते. ११ घेतले तर २२ च्या पटीत १ मिळवून, २३ आणि ८९, दोन्ही बसतात. ऑयलरनं १७७२ च्या सुमारास २^३१ − १, म्हणजे २१४७४८३६४७, ही मूळ ठरवली ती अशी गाळणी लावूनच, भागाकारानं. सरळ गेला असता तर साडेचार हजारांच्या वर मूळ संख्यांनी भागावं लागलं असतं, गाळून शंभराच्या आत आल्या. पिनकोडला असली गाळणी नसते, तिथं १९ पर्यंत चालतच जावं लागतं.

पूर्वभागातला:
सर, तो २१४७४८३६४७ आमच्या हिशोबाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आलता एकदा. सुताच्या गाठींचा आकडा म्हणून. आम्ही पुरवठादाराला फोन करून भांडलो, मग कळलं की ३२ भोकांच्या कार्डात मावणारा सगळ्यात मोठा आकडा तो, एक भोक चिन्हाला गेलं.

पार्कचौकातला:
मास्तर, एक घोटाळा झालाय. भाच्यानं १२७ केलं. पाच पायऱ्या. त्याच्या वहीत असं आहे: १४, मग १९४ म्हणून बाकी ६७, मग ६७ चा वर्ग ४४८९ वजा २, ४४८७, बाकी ४२, मग ४२ चा वर्ग १७६४ वजा २, १७६२, बाकी १११, मग १११ चा वर्ग १२३२१ आणि बाकी २. शून्य नाही आलं. तो म्हणतोय १२७ मूळ नाही, मी म्हणतोय आहे, बायको म्हणतेय दोघं झोपा.

निवृत्त_मास्तर:
शेवटच्या पायरीत २ वजा करायचे राहिले. १२३२१ − २ = १२३१९, आणि १२७ × ९७ बरोबर १२३१९.

पार्कचौकातला:
अरे हो की! शून्य! उठून उभा राहिला पलंगावर.

आता ११ घेतोय म्हणतोय, २०४७, नऊ पायऱ्या. थांबा जरा.

पुण्यातली_सोलापूरकर:
मामा, सहाव्या पायरीला १८७७ येतील, तिथं त्याचा सरळ वर्ग करू देऊ नका, २०४७ मधून वजा करून १७० घ्या आणि त्याचा वर्ग करा, बाकी तीच येते.

पार्कचौकातला:
१४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी १७३६ आले. वजा दोन सगळीकडं केलंय, मी स्वतः बघितलं.

निवृत्त_मास्तर:
अगदी बरोबर. शून्य नाही, म्हणून २०४७ मूळ नाही. आता त्याला म्हणा, या १७३६ मधून २३ किंवा ८९ काढून दाखव.

पार्कचौकातला:
बराच वेळ बघत बसलाय त्या आकड्याकडं. म्हणतोय यात नाहीतच ते.

होटगीरोड:
मामा, १३ करायला लावा त्याला, आपल्या एमएच-१३ चं. ८१९१. मूळ निघाली तर माझ्या नवीन गाडीला तोच नंबर मागतो आरटीओत.

पार्कचौकातला:
अकरा पायऱ्या आहेत, उद्या करतो म्हणाला. वही उशाखाली घेऊन झोपलाय.